आळं

एकोणतीस वर्षं मी दहिवडीत पाणी सोडलं.
वरच्या आळीला पहाटे चारला, बाजारपेठेला सहाला,
शिक्षक कॉलनीला पाचव्या दिवशी,
तेही टाकीत असलं तर.
व्हॉल्व्हचे आटे हाताला पाठ.
सोळा आट्यांत अख्खं गाव उघडायचं.

आणि दारातल्या लिंबाला
बुंध्यात एक बादली. रोज. न चुकता.
रोप होतं तेव्हा केलेलं आळं, परातीएवढं,
पुढं चिखल नको म्हणून मीच त्याला सिमेंटचा काठ केला.
ओल्या सिमेंटवर शालननं काडीनं साल लिहिलं : १९९१.
आता खोड मिठीत मावत नाही.
काठ फुटून लाकडात रुतलाय
आणि शेवटचा एक सालीखाली गेलाय.

यंदा फाल्गुनात शेंडा वाळला.
महिमानगडाकडनं वारं सुटलं
की वाळकी फांदी रात्रभर पत्रा खरवडायची.
पलीकडचे मुजावर सर म्हणाले, पाडा आता.
पाला आमच्या टाकीत, मुळी आमच्या भिंतीत.
खोटं नव्हतं.
भिंतीच्या तड्यात बोटं जात होती.

वृषाली काळेल आली, रोपवाटिकेतली,
आमच्या थोरलीच्या वर्गातली.
तिनं आधी वर पाहिलंच नाही.
टाचेनं जमीन दाबत खोडाभोवती फिरली,
मग सावलीच्या कडेकडेनं चालत गेली
फाटकाबाहेर, गटारापर्यंत, आणि परत.
म्हणाली, काका, इथं तोंड नाही त्याचं.
तोंड तिकडं, सावली संपते तिथं.
तुम्ही इतकी वर्षं त्याचे पाय धुताय.

एवढ्या गावाला पाणी वाटलेला माणूस मी.
खाली बघितलं.

पहारीनं काठ फोडला. शेवटच्या कपच्या हातानं,
मुळीला लागू नये म्हणून.
शालननं नव्वद लिहिलेला तुकडा उचलून
तुळशीपाशी ठेवला. का, ते विचारलं नाही.
फांदी खाडे वायरमननं उतरवली,
आधी खालून खाच, मग वरनं करवत,
नाहीतर पडताना साल सोलत नेते.
थुटुक हातभर ठेवलं. ठेवू नये खरं तर,
पण ढोलीत पिंगळ्यांचं बिऱ्हाड आहे.
चुना नाही, डांबर नाही, वृषाली बजावून गेली.
जखम त्याची तो मिटवतो. त्याच्या चालीनं.

मग नवा चर. मुरूम असला कडक
की टिकाव उडून परत तोंडाशी यायचा.
वर कडब्याचं सरमाड, त्याचाच पाला त्याच्यावर.
आणि निम्म्यावर भिंत आडवी आली.
उरलेली सावली सरांच्या अंगणात.

दोन दिवस गप्प बसलो. कसं विचारायचं?
तिसऱ्या दिवशी सर टिकाव घेऊन त्यांच्या बाजूला उभे.
जन्मभर भूमिती शिकवलेली.
म्हणाले, त्रिज्या सांगा.

त्यांच्या वजूचं पाणी, दिवसातनं पाच वेळा,
आजवर गटाराला जात होतं.
त्यांनी नळी वळवली आणि चरात सोडली.
वर पाल्याची तक्रार पुन्हा केली, तेवढ्याच जोरात.

वाचेल का?
वृषाली हो म्हणाली नाही.
दोन-तीन पावसाळे बघू, म्हणाली.
इथले पावसाळे मला माहीत आहेत :
ढग येतात, गडाला टेकतात,
आणि पत्ता चुकल्यासारखे पुढं जातात.

आता पंधरा दिवसांतनं एकदा, रात्री, सावकाश.
पालथ्या बादलीवर बसून असतो.
हात सवयीनं आटे मोजायला जातो
आणि अर्ध्यावर थांबतो.
बोटाएवढी धार. माती आधी नको म्हणते,
पाणी वरच फिरवते, काडीकचरा तरंगवते,
मग कुठंतरी बुडबुडा फुटतो
आणि ओढून घ्यायला लागते.
थुटकावरनं पिंगळा मान वळवून बघतो.

शालन आतनं विचारते, बंद केलं का?
नाही, म्हणतो.
अजून पोचलं नाही.